नलिकापोषण व प्रतिजैव पदार्थांचे अभिशोषण

ज्या रुग्णास तोंडाने अन्न गिळता येत नाही, परंतु ज्याचे आतडे अन्न पचवू शकते, अशा रुग्णाच्या जठरात वा लहान आतड्यात नळीवाटे द्रवरूप अन्न पोहोचविण्याच्या पद्धतीस नलिकापोषण म्हणतात. ही नळी नाकातून किंवा पोटाच्या भित्तीस पाडलेल्या छिद्रातून घातली जाते. अत्यवस्थ रुग्णास याच नळीवाटे पुष्कळशी औषधेही दिली जातात. त्यांत प्रतिजैव पदार्थांचा, म्हणजे सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणाऱ्या वा त्यांचा नाश करणाऱ्या औषधांचा, समावेश होतो [⟶ प्रतिजैव पदार्थ]. नळीतून औषध जठरात गेले म्हणजे ते रक्तातही पोहोचले, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गृहीत तपासून पाहिले गेले, तेव्हा काही प्रतिजैव पदार्थांचा निम्म्याहून अधिक भाग नळीतील अन्नामुळे व रुग्णाच्या अवस्थेमुळे वाया जातो, असे दिसून आले. नोंदपत्रकावर मात्रा पूर्ण दिल्याची नोंद असते, परंतु जंतूंपर्यंत ती अपुरी पोहोचते. रुग्णाचा जीव जंतुसंसर्गामुळे धोक्यात असताना या तफावतीस मोठे महत्त्व प्राप्त होते.

पूर्वेतिहास : गिळू न शकणाऱ्या रुग्णास अन्य मार्गाने अन्न देण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. प्राचीन ईजिप्त व ग्रीस येथे गुदद्वारावाटे पोषक बस्ती देत असत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील कापिव्हाचेउस यांनी मूत्राशयाची पिशवी जोडलेली पोकळ नळी ग्रसिकेपर्यंत घालून तीमधून अन्न देण्याची पद्धत वर्णिली. पॅड्युआ येथील फाब्रीत्स्युस (आक्वापेंदेंते) यांनी १६१७ मध्ये धनुर्वाताच्या रुग्णांसाठी नाकातून घालावयाची चांदीची नळी वापरली. धनुर्वातात जबडा घट्ट मिटत असल्याने नाकाखेरीज दुसरा मार्ग उरत नसे.

या पद्धतीस शास्त्रीय अधिष्ठान देण्याचे श्रेय इंग्लंडमधील शस्त्रक्रियातज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांच्याकडे जाते. गिळण्याच्या स्नायूंना पक्षाघात झालेल्या एका रुग्णावर १७९० मध्ये त्यांनी उपचार केले. देवमाशाच्या हाडासारख्या लवचिक काडीवर ईल माशाची कातडी चढवून त्यांनी नळी तयार केली व तिच्या दुसऱ्या टोकास मूत्राशयाची पिशवी जोडली. पाण्यात फेटलेली अंडी, साखर, दूध, मद्य असे पदार्थ या नळीतून देण्यात आले व रुग्ण बरा झाला. हंटर यांनी १७९३ मध्ये या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात जठरात ‘अन्न व औषधे’ पोहोचविण्याच्या कृत्रिम रीतीचा उल्लेख होता. अन्न व औषध यांची एकाच नळीतील सांगड अशा प्रकारे प्रारंभापासूनच घातली गेली. त्या काळातील औषधे बहुधा काढे, अर्क व क्षार यांच्या स्वरूपात असत व त्यांची रक्तातील पातळी मोजण्याचे साधन उपलब्ध नव्हते. त्यामुळे अन्नाचा औषधावर काही परिणाम होतो काय, हा प्रश्नच त्या वेळी उद्भवला नाही.

अन्न शरीरात कोठे पोहोचते, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो, हा धडा मात्र एकोणिसाव्या शतकात मिळाला. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडण्यात आली. त्यानंतर त्यांना गुदद्वारावाटे मांसरसादी पदार्थ देण्यात आले. तरीही त्यांचे वजन झपाट्याने घटत गेले व १९ सप्टेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. मोठ्या आतड्यात प्रामुख्याने पाणी व लवणे यांचेच अभिशोषण होते आणि प्रथिनांसारख्या पोषक द्रव्यांचा तेथे फारसा उपयोग होत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. औषधांच्या बाबतीतही आतड्याचा प्रत्येक भाग सारखा नसतो, हे समजण्यास मात्र आणखी एक शतक लागले.

आजच्या स्वरूपाच्या नळ्या विसाव्या शतकाच्या आरंभी आल्या. अमेरिकेतील मॅक्स आइनहॉर्न यांनी १९१० मध्ये आद्यांत्रापर्यंत (लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत) जाणाऱ्या नळीतून अन्न देण्याची पद्धत सुचविली. न्यू ऑर्लीन्स येथील एब्राहम लेव्हिन यांची नळी १९२१ मध्ये प्रसिद्धीस आली. लंडनमधील जॉन राइल यांनीही त्याच वर्षी जठररसाच्या तपासणीसाठी एक बारीक रबरी नळी वर्णिली. ती जठरातील द्रव बाहेर काढण्यासाठी योजलेली होती. पुढे तिचा उलट दिशेने, म्हणजे अन्न आत घालण्यासाठी, सर्रास उपयोग होऊ लागला. महाराष्ट्रासह भारतातील रुग्णालयांत नाकातून घालावयाची नळी अद्यापही ‘राइल्स ट्यूब’ याच नावाने ओळखली जाते.

तोंडाने घ्यावयाचे प्रतिजैव पदार्थ : ऑक्सफर्ड येथे १९४१ मध्ये पेनिसिलिनाचा मानवी रुग्णांवर प्रथम पद्धतशीर वापर झाला, तेव्हा ते नीलेतून (अशुद्ध रक्तवाहिनीतून) देण्यात आले. जठरातील अम्लामुळे पेनिसिलिनाचा बराच भाग नष्ट होत असल्याने ते तोंडाने देण्यास योग्य नव्हते. तोंडाने सहज देता येण्याजोगा व अनेक प्रकारच्या जंतूंवर गुणकारी असा प्रतिजैव पदार्थ १९४८ मध्ये उपलब्ध झाला. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून क्लोरटेट्रासायक्लीन (ऑरिओमायसीन) मिळविले. या प्रयोगशाळेच्या संशोधन विभागाचे संचालक भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) हे होते. १९५० मध्ये ऑक्सिटेट्रासायक्लीन व १९५३ मध्ये टेट्रासायक्लीन हे याच गटातील पदार्थ उपलब्ध झाले.

ऑरिओमायसिनामुळे काही रुग्णांना मळमळ व ओकारी होत असे. तिला प्रतिबंध करण्यासाठी चिकित्सक ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडासारखे अम्लविरोधी औषध सोबत देत. अशा रुग्णांच्या रक्तातील औषधाची पातळी फार खाली जाते, हे १९५० मध्येच निदर्शनास आले. पुढे दुधाचाही असाच परिणाम होतो, असे आढळले. टेट्रासायक्लिनाच्या रेणूतील विशिष्ट अणुगट कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह यांसारख्या धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू) चिमट्यात धरल्याप्रमाणे पकडतात. त्यातून बनणारे संयुग आतड्याच्या आवरणातून सुलभतेने पार होत नाही व मलावाटे बाहेर पडते. लोहाच्या बाबतीतील असा परिणाम फिनलंडमधील पेर्त्ती नेउव्होनेन व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये दाखविला. यावर उपाय सोपा होता. औषध जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे व ते दुधासोबत घेऊ नये, अशी सूचना रुग्णास देण्यात येऊ लागली. या सूचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे रुग्ण ठराविक वेळी जेवतो व दोन जेवणांच्या मध्ये त्याचे जठर रिकामे असते.

अतिदक्षता विभाग व अखंड पोषण : हे गृहीत ज्या ठिकाणी लागू पडत नाही, अशी जागा याच सुमारास निर्माण होत होती. कोपनहेगन येथे १९५२ मध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांच्या श्वासनालात छिद्र पाडून तीमधून हाताने हवा भरण्याची पद्धत भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी सुचविली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अहोरात्र हे काम केले. पुढील वर्षी, १९५३ च्या डिसेंबरमध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. तो आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो. पूर्वी काही तासांत वा दिवसांत दगावणारे रुग्ण आता आठवडेच्या आठवडे जगू लागले. त्यामुळे त्यांच्या पोषणाचा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला.

या प्रश्नाची उत्तरे दोन दिशांनी शोधली गेली. अमेरिकेत स्टॅन्ली डुड्रिक व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये मोठ्या नीलेतून संपूर्ण पोषण देता येते, असे दाखविले. दुसऱ्या बाजूस जेसी ग्रीनस्टाइन यांनी १९५७ मध्ये शुद्ध घटकांपासून बनविलेल्या रासायनिक आहाराचे प्रयोग प्रसिद्ध केले व त्यातून नळीवाटे देण्याजोग्या तयार द्रवरूप अन्नांचा विकास झाला. १९७० नंतरच्या दशकात अशी अन्ने बाजारात सर्वत्र मिळू लागली. १९७९ मध्ये क्लीव्हलंड येथे मायकेल गॉडरर व जेफ्री पॉन्स्की यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया न करता, जठरछिद्र पाडण्याची पद्धत अवलंबिली. अन्न ठराविक वेगाने ढकलणारे पंपही वापरात आले. नीलेतून पोषण दिल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आतडे कार्यक्षम असल्यास त्याचाच उपयोग करावा, असे मत हळूहळू दृढ झाले. कॅनडातील तज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत यंत्राद्वारे श्वसन चालू असलेल्या रुग्णास पहिल्या २४ ते ४८ तासांतच नलिकापोषण सुरू करावे, असे सुचविण्यात आले.

पंपामुळे पोषण दिवसरात्र चालू राहू लागले. त्यामुळे ‘जेवणापूर्वी एक तास’ या सूचनेस अशा रुग्णाच्या बाबतीत काही अर्थ उरला नाही. त्याचे जठर कधीच रिकामे नसते. शिवाय तयार द्रवरूप अन्नात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त व प्रथिने ही पौष्टिक दृष्ट्या आवश्यक म्हणून मुद्दाम घातलेली असतात. औषधास अडथळा आणणारी द्रव्ये नेमकी हीच होत.

धोक्याची पहिली सूचना : ही सूचना प्रतिजैव पदार्थापासून न मिळता अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधापासून मिळाली. ते मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आकडी येऊ नये म्हणून देत असत आणि त्याची रक्तातील पातळी नियमितपणे मोजण्याचा प्रघात होता. नाकातील नळीवाटे अखंड पोषण मिळणाऱ्या रुग्णांत ही पातळी सु. ७०% नी कमी होते, असे लॅरी बाउअर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या नियंत्रित प्रयोगांत एवढा परिणाम आढळला नाही, त्यामुळे त्याच्या कारणांविषयी वाद चालू राहिला. तथापि दोन गोष्टी यातून पुढे आल्या. एक म्हणजे, औषधाची पातळी मोजली जात होती म्हणूनच हा परिणाम लक्षात आला. बहुसंख्य प्रतिजैव पदार्थांची पातळी मोजली जात नव्हती. दुसरी म्हणजे, निरोगी माणसावरील प्रयोगाचा निष्कर्ष अत्यवस्थ रुग्णास जसाच्या तसा लावता येत नाही.

क्विनोलोन गटावरील संशोधन : नॅलिडिक्सिक अम्ल १९६२ मध्ये ज्ञात झाले. त्यापासून विकसित झालेल्या फ्ल्युओरोक्विनोलोन गटातील सिप्रोफ्लॉक्सासीन या औषधाच्या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांना अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. निरोगी माणसात या गोळीतील सु. ७० ते ८०% औषध रक्तात पोहोचते. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर ते गुणकारी होते. नीलेतून देण्यापेक्षा नळीतून दिल्यास खर्च पुष्कळ कमी येत असे, तसेच नीलेतील नळीमुळे होणारा संसर्गही टळत असे. म्हणून अतिदक्षता विभागात ही गोळी चुरून पाण्यात मिसळून नळीवाटे देण्याची प्रथा लवकरच रूढ झाली.

अम्लविरोधी औषधांमुळे सिप्रोफ्लॉक्सासिनाचे अभिशोषण फार कमी होते, हे जर्मनीत १९८५ मध्येच दिसून आले होते. टेट्रासायक्लिनाप्रमाणे क्विनोलोनही धातूंचे आयन पकडून ठेवतात. नेउव्होनेन व सहकारी यांनी १९९१ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. सिप्रोफ्लॉक्सासीन पाण्याऐवजी दुधासोबत घेतल्यास रक्तात पोहोचणारे एकूण औषध सु. ३३% नी व दह्यासोबत घेतल्यास सु. ३६% नी घटते, असे त्यांना आढळले.

नलिकापोषणाविषयीचे आरंभीचे निष्कर्ष मात्र आश्वासक होते. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात नळी घालून १९८९ मध्ये केलेल्या एका प्रयोगात द्रवरूप अन्नामुळे लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. १९९४ मध्ये ब्रूस म्यूलर व सहकारी यांनी चुरलेली गोळी एन्शुअर या द्रवरूप अन्नात मिसळून दिली, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनाच्या अभिशोषणात सु. २८% व ऑफ्लॉक्सासिनाच्या अभिशोषणात सु. १०% घट झाली. १९९६ मध्ये डॅनिएल हीली व सहकारी यांनी प्रत्यक्ष रुग्णालयातील रुग्णांची तपासणी केली. जठरछिद्रातून अन्न व औषध मिळणाऱ्या रुग्णांत अभिशोषण सु. निम्म्यावर आले. मध्यांत्रात (लहान आतड्याच्या दुसऱ्या भागात) नळी असलेल्या रुग्णांत ते सु. एकतृतीयांशावर आले. या औषधाचे अभिशोषण प्रामुख्याने आद्यांत्रात व त्यालगतच्या भागात होते. नळीचे टोक त्यापलीकडे असल्यास औषध आपल्या प्रवेशस्थानास वगळूनच पुढे जाते.

अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील दोन अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील ओलिव्हिए मिमोझ व सहकारी यांनी यंत्राद्वारे श्वसन चालू असलेल्या रुग्णांना हे औषध प्रथम नीलेतून व नंतर अखंड पोषण चालू असताना नाकातील नळीवाटे दिले. नळीवाटे दिलेल्या औषधापैकी रक्तात पोहोचणारा भाग रुग्णागणिक ३१ ते ८२% असा बदलत होता व त्याचे मध्यक सु. ४४% होते. नेदर्लंड्समध्ये उदरपोकळीत गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णांत हे प्रमाण सु. ५३% आढळले. या दोन्ही अभ्यासांत नळीवाटे ७५० मिग्रॅ. व नीलेतून ४०० मिग्रॅ. मात्रा दिलेली होती. मात्रा वाढविल्याने सरासरी घट बऱ्याच अंशी भरून निघते, असे त्यांतून दिसले. परंतु एखाद्या विशिष्ट रुग्णात औषध ३१% पोहोचेल की ८२%, हे आधी सांगता येत नाही, ही अडचण मात्र कायम राहिली.

ही घट रुग्णाच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, याचे मोजमाप अमेरिकेतील बफलो येथील ॲलन फॉरेस्ट, जेरोम शेंटाग व सहकारी यांच्या १९९३ मधील कामामुळे शक्य झाले. त्यांनी नीलेतून सिप्रोफ्लॉक्सासीन मिळालेल्या ७४ गंभीर रुग्णांचा अभ्यास केला. २४ तासांत रक्तात असलेल्या औषधाचे एकूण परिमाण (पातळीच्या आलेखाखालील क्षेत्रफळ) भागिले जंतूंची वाढ रोखण्यास लागणारी किमान संहती, असे गुणोत्तर त्यांनी काढले. हे गुणोत्तर १२५ पेक्षा कमी असलेल्या गटात ४२% रुग्ण बरे झाले. ते १२५ वा अधिक असलेल्या गटात ८०% बरे झाले. जंतूंचे निर्मूलन होण्याचे प्रमाण अनुक्रमे २६% व ८२% होते. औषध नीलेतून देऊनही पातळीतील फरकाचा एवढा परिणाम होतो. मग नळीत निम्मे औषध वाया गेल्यास काय होईल, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. अपुऱ्या पातळीमुळे जंतू मरत नाहीत आणि त्यांच्यातील औषधास दाद न देणारे जंतू निवडले जाऊन वाढतात. त्यामुळे हानी त्या रुग्णापुरती मर्यादित राहत नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णासही तिची झळ लागू शकते.

कारणमीमांसा : द्रवरूप अन्नातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हेच एकमेव कारण असावे, अशी प्रारंभी समजूत होती. २००० मध्ये डी. एच. राइट व सहकारी यांनी प्रयोगशाळेत फ्ल्युओरोक्विनोलोन औषधे एन्शुअरमध्ये मिसळून पाहिली. सिप्रोफ्लॉक्सासीन सु. ८०%, लेव्होफ्लॉक्सासीन सु. ६०% व ऑफ्लॉक्सासीन सु. ४५% कमी झाल्याचे आढळले. केवळ कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या विद्रावाने एवढी घट होत नव्हती. यावरून अन्नातील प्रथिनादी अन्य घटकही औषधास धरून ठेवत असावेत, असे मानण्यात येते. एकाच गटातील औषधांत एवढा फरक असणे, हेही यातून स्पष्ट झाले. २००३ मध्ये अत्यवस्थ रुग्णांवर गॅटिफ्लॉक्सासिनाची चाचणी घेतली असता नलिकापोषणाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. मात्र रक्तशर्करेवरील दुष्परिणामांमुळे भारतात २०११ मध्ये या औषधाच्या सर्वांगीण वापरावर बंदी घालण्यात आली. २००५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांत मॉक्सिफ्लॉक्सासिनाचे व रुग्णालयातील रुग्णांत लिनेझोलिडाचे अभिशोषण नलिकापोषण चालू असताना समाधानकारक आढळले. म्हणून ‘नळीतील अन्नाने प्रतिजैव पदार्थ वाया जातात’ असा सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येक औषधाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

अन्नाखेरीज रुग्णाची अवस्थाही कारणीभूत होते. गंभीर आजारात जठर सावकाश रिकामे होते. अफूजन्य वेदनाशामके व गुंगीची औषधे यांमुळे ही क्रिया अधिकच मंदावते. पॅरासिटामॉल जठरात जवळजवळ शोषले जात नाही. ते लहान आतड्यात शोषले जाते. रक्तातील त्याच्या पातळीवरून जठर रिकामे होण्याचा वेग अजमावता येतो, असे एडिंबरो येथे १९७३ मध्ये दाखविण्यात आले. ही कसोटी पुढे अतिदक्षता विभागातही वापरली गेली. रक्तदाब टिकविण्यासाठी दिलेल्या, रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधांमुळे आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. अवसादामुळे आतड्याचे आवरण सुजते. जठरातील व्रणांस प्रतिबंध करण्यासाठी नळीवाटेच दिले जाणारे सुक्राल्फेट हे ॲल्युमिनियमाचे संयुग असून क्विनोलोन औषधांचे अभिशोषण त्यामुळे अत्यंत घटते. अशा प्रकारे एकाच नळीतून दिलेली दोन औषधेही परस्परांना मारक ठरू शकतात.

उपचारपद्धतीतील बदल : या संशोधनानंतर पोषण थांबवून औषध द्यावे, असा उपाय प्रथम सुचला. औषधापूर्वी एक तास व नंतर दोन तास पंप बंद ठेवल्यास दिवसातून दोनदा द्यावयाच्या औषधासाठी सहा तासांचे पोषण बुडते. दर तासास ७० मिलि. अन्न मिळणाऱ्या रुग्णाचे त्यामुळे रोज ४२० मिलि. अन्न कमी होते. मिलिलिटरास एक किलोकॅलरी ऊर्जा देणारे अन्न असल्यास ही तूट तेवढ्याच, म्हणजे ४२० किलोकॅलरी ऊर्जेची असते. आधीच क्षीण झालेल्या रुग्णास ती परवडणारी नसते. उरलेल्या तासांत पंपाचा वेग वाढवून ती भरून काढण्याचा प्रयत्न केला जातो, परंतु वेग सहन न झाल्यास अन्न जठरात साठते. जंतुसंसर्गावरील उपचार व पोषण या दोन्ही गरजा येथे परस्परविरोधी ठरतात.

यामुळे पुढील गोष्टी सर्वसाधारणपणे पाळल्या जातात. संसर्ग तीव्र असताना, विशेषतः रक्तदाब खालावलेला असताना, प्रतिजैव पदार्थ नीलेतूनच दिले जातात. प्रकृती स्थिरावल्यावर व आतड्याचे कार्य सुरळीत झाल्यावर मगच नळीचा मार्ग अवलंबिला जातो. त्या वेळी ज्याचे अभिशोषण अन्नामुळे बिघडत नाही अशा औषधाची शक्यतो निवड करतात. औषध अन्नाच्या पिशवीत कधीही मिसळत नाहीत. ते स्वतंत्रपणे देऊन त्याच्या आधी व नंतर नळी पाण्याने धुतात. नळीचे टोक जठरात आहे की आतड्यात, हे पाहिले जाते. अम्लरोधक वेष्टन असलेल्या वा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनाचे तोंडाने घ्यावयाचे तेलमिश्रित निलंबन नळीस चिकटून ती बुजवते, म्हणून ते नळीवाटे देण्यास मनाई आहे.

भारतातील परिस्थितीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. येथे तयार अन्नाऐवजी दूध, ताक, डाळीचे पाणी, तांदळाची पेज, अंडी, साखर इत्यादींपासून स्वयंपाकघरात बनविलेले अन्न पुष्कळ ठिकाणी नळीतून देतात. अनेकदा घरी आणलेल्या रुग्णास नातेवाईकच हे अन्न व औषध देतात. १०० मिलि. गायीच्या दुधात सु. १२० मिग्रॅ. कॅल्शियम असते. त्यामुळे टेट्रासायक्लीन वा सिप्रोफ्लॉक्सासीन गटातील औषध दुधातून वा दुधालगत न देण्याची सूचना नातेवाइकांना स्पष्टपणे देणे आवश्यक ठरते. क्षयरोगाच्या बाबतीतही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आयसोनिआझिड व रिफँपिसीन या औषधांचे अभिशोषण अन्नामुळे कमी होते. दक्षिण आफ्रिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिदक्षता विभागातील क्षयरुग्णांना नळीवाटे रिफँपिसीन दिले असता पुष्कळांच्या रक्तातील त्याची पातळी अपेक्षेपेक्षा कमी आढळली.

औषध नीलेतून दिल्याने प्रश्न पूर्णपणे सुटतो, असेही नाही. दहा देशांतील ६८ अतिदक्षता विभागांत केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पेनिसिलिनासारख्या औषधांनी संसर्गावर उपचार होत असलेल्या रुग्णांपैकी १६% रुग्णांत रक्तातील पातळी किमान उद्दिष्टापर्यंतही पोहोचली नव्हती. शरीरातील पाण्याचे प्रमाण व मूत्रपिंडाचे कार्य यांत होणारे बदल त्यास कारणीभूत असतात. यामुळे रक्तातील औषधाची पातळी प्रत्यक्ष मोजून मात्रा ठरविण्याची पद्धत काही मोठ्या रुग्णालयांत रूढ होत आहे. जेथे ती सोय नाही, तेथे रुग्णाचा ताप, श्वसन व रक्तदाब यांत अपेक्षित सुधारणा न झाल्यास औषध निरुपयोगी ठरवून दुसरे अधिक तीव्र औषध सुरू करण्यापूर्वी, पहिले औषध कोणत्या मार्गाने, कशासोबत व आतड्याच्या कोणत्या भागात दिले गेले, याची चौकशी करणे हितावह असते. हंटर यांनी अन्न व औषध एकाच नळीतून दिल्यापासून दोन शतके ही दोन्ही एकाच हाताने व एकाच वेळी दिली जात होती. ती वेगळी ठेवण्याची काळजी घेणे हे आता शुश्रूषेचे एक अंग झाले आहे.